रुही मोकलचे कोरे दिवस

अकरावीच्या त्रेचाळीस मुलांची पुढची आयुष्यं गुरुवारी सकाळी साडेदहाला मैथिली टिपणीसच्या टेबलावर येऊन पडली, तेव्हा ती ओढणीवरचा वरणभाताचा डाग ओल्या रुमालाने पुसत होती. चौदा महिन्यांच्या लेकीने, चिऊने, घरातून निघता निघता दिलेली ती भेट. डाग निघाला नाही, पण पडद्यावर पहिलं नाव उमटलं आणि मैथिली डाग विसरली.

पेणच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात ती समुपदेशक होती. काम एकच, बारावीनंतर कोणी कुठली वाट धरावी हे मुलांबरोबर बसून ठरवायचं. ती स्वतः सोळा वर्षांची होती तेव्हा असं बसायला कोणी नव्हतं. मावसभावाने ज्या शाखेचा अर्ज आणला तो तिने भरला होता, इतकंच. म्हणून मुलांना वाट सुचवणाऱ्या ‘वाटाड्या’ या यंत्राबद्दल तिला मनापासून कृतज्ञता वाटायची. घरत सर, म्हणजे प्राचार्य, तिला चिडवायचेही, की मॅडम त्या यंत्राला दसऱ्याला झेंडू वाहतील.

वाटाड्या आला तो एका साध्या शोधातून. माणसाचं पुढचं आयुष्य त्याच्या गुणपत्रिकेपेक्षा त्याच्या दिवसांत जास्त दिसतं, असं संशोधकांच्या लक्षात आलं. आधीच्या पिढीतल्या लाखो लोकांनी स्वखुशीने आपल्या जुन्या डायऱ्या, निरोप, नोंदी देऊन टाकल्या होत्या. त्यांच्यातल्या एकेका दिवसाचा यंत्राने ठसा काढला. किती वेळ हाताचं काम, किती डोक्याचं, एकट्याने की चारचौघांत, कशाने दमले, कशाने दमूनही ताजे राहिले, असे शेकडो आकडे म्हणजे एक ठसा. मग आजच्या मुलाच्या दोनशे दिवसांचे ठसे घ्यायचे, सोळाव्या वर्षी ज्यांचे दिवस असेच होते अशी माणसं शोधायची, ती पुढे काय झाली आणि कुठे समाधानी राहिली ते पाहायचं. बोटांच्या ठशांवरून माणूस सापडतो, तशी दिवसांच्या ठशांवरून वाट सापडते, असं मैथिली पालकांना समजावून सांगायची.

ठसे मिळवायची रीत सोपी होती. रोज संध्याकाळी साडेसातला मुलाच्या फोनवर वाटाड्या विचारायचा, “आज काय केलंस?” मूल सांगेल तेवढंच तो ऐकायचा. चोरून ऐकायला, कॅमेऱ्यातून बघायला कायद्याने बंदी होती, आणि ती बरीच होती.

दोन-तीन वर्षांत त्याचा शब्द फार मोठा झाला. निवासी संस्थांमधल्या सरकारी जागा त्याच्याच अहवालावर मिळू लागल्या. लग्नाची स्थळं बघतानासुद्धा लोक हळूच विचारू लागले, वाटाड्याने मुलाला काय सांगितलं होतं म्हणून.

त्या गुरुवारी बेचाळीस अहवाल वाचून मैथिलीचं मन भरून आलं. बापाच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणाऱ्या एका मुलाला नेत्रशस्त्रक्रियेची उपकरणं बनवण्याची वाट निघाली होती. सतत भांडणाऱ्या एका मुलीला कायद्याची. ही मुलं आता बुधवारी पाचच्या आत फोनवर ‘मान्य’ म्हणतील आणि त्यांच्या जागा पक्क्या होतील.

त्रेचाळिसावा अहवाल रुही मोकलचा होता. खारवेळे गावची, शेवटच्या बाकावर बसणारी, विचारलं तरच बोलणारी मुलगी. अहवालात लिहिलं होतं: ‘दोनशे अकरा दिवसांपैकी दोनशे सहा कोरे. जुळणारी आयुष्यं सुमारे नऊ हजार, बहुतेक दीर्घ आजारपणातली किंवा घराबाहेर न पडलेली. सुचवलेली वाट: घराजवळ, कमी ताणाचं, ठरावीक काम.’ खाली रुहीच्या अठ्ठाविसाव्या वर्षातल्या एका दिवसाचं वर्णन होतं. ती एका दुकानाच्या मागच्या खोलीत पिशव्यांना चिकटपट्टी लावत होती.

शुक्रवारी मैथिलीने तिला बोलावून घेतलं. रुहीने अहवाल दोनदा वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, “बरोबरच हाय मॅडम. मी करते तरी काय?”

ती रडली असती तर मैथिलीला सोपं गेलं असतं. पण भाकरी थोडी करपली म्हणून कोणी ती बाजूला टाकत नाही, तसं तिने ते आयुष्य मुकाट्याने आपल्या ताटात ओढून घेतलं होतं. मैथिलीने परवानगी मागून तिची उत्तरं उघडली. सोळा जूनला यंत्राने विचारलं होतं, आज काय केलंस? उत्तर, “काय नाय.” सतरा जूनला, “काय नाय.” अठराला, “काय नाय, घरीच होते.” असं दोनशे सहा वेळा. यंत्र बिचारं प्रामाणिक. मुलगी काही नाही म्हणते म्हणजे काही नाही, असं त्याने लिहून घेतलं.

मैथिलीने नियम पाहिले. शिक्षकाला अहवालात अक्षरही बदलता येत नव्हतं. फक्त एक सोय होती, रविवारपर्यंत द्यायच्या पुरवणीची. विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात किमान तासभर नवं काही सांगितलं, तर वाटाड्या पुन्हा विचार करायला बांधील होता. जी मुलगी वर्षभरात मिळून एक तास बोलली नव्हती, तिला रविवारपर्यंत तासभर बोलतं करायचं होतं.

रविवारी पाळणाघर बंद, नवऱ्याची ड्यूटी. मैथिलीने चिऊला कडेवर घेतलं आणि खारवेळ्याची एसटी पकडली.

गाव खाडीच्या काठावर. भाताची सगळी शेती समुद्रसपाटीच्याही खाली, आणि तिच्याभोवती मातीचा उंच बांध. पलीकडे खारं पाणी, अलीकडे गाव. रुहीची आई सुगंधा दारातच वाल सोलत बसली होती. तिने आधी चिऊला उचललं, मग मैथिलीला पाणी दिलं. बोलणं रुहीवर आलं तेव्हा मैथिलीने विचारलं, की कॉलेज सुटल्यावर ती करते काय.

“काय नाय बाई,” सुगंधा म्हणाली. “घरानच असते.”

हे शब्द कुठे ऐकलेत ते मैथिलीला आठवलं आणि हसू आलं. तेवढ्यात आतून रुही आली, भिंतीकडे एक नजर टाकली, चपला न घालता बाहेर पडली. अर्ध्या तासाने परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलात, पोटरीवर शंखांनी ओरखडलेलं. कुठे गेली होतीस असं विचारल्यावर म्हणाली, कुठे नाय, उघाडी टाकून आले.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीच्या आधी ते मिटायचं, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं आणि जमीन तीन वर्षं नापीक होते. आपोआप मिटणारी लोखंडी दारं केव्हाच गाळात रुतली होती. आता खाचांमध्ये एकावर एक नऊ फळ्या बसवून फटींत चिखल लिंपावा लागे, तोही दिवसातून दोनदा. बंदरावर नोकरीला असलेला बाप रात्रीची बाजू सांभाळायचा. दिवसाची रुही सांभाळत होती, आजोबा गेल्यापासून, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापासून. तिच्या चुलत्यांची, शेजाऱ्यांची, सगळ्या चाळीस घरांची शेतं त्या नऊ फळ्यांच्या आड होती.

मग मैथिलीने ती भिंत नीट पाहिली. दारातून दिसणारी, स्वयंपाकघराच्या मागची, कोळशाने लिहिलेल्या आकड्यांनी भरून गेलेली. रुहीला खोदून खोदून विचारावं लागलं. आजोबांचा नियम होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात आपल्या खाडीची चाळीस मिनिटं मिळवायची. पण नवा पूल झाल्यावर हे चुकायला लागलं. रुहीने रोजची वेळ भिंतीवर लिहिली, दोन वर्षं लिहिली आणि चाळीसची पंचवीस केली. पश्चिमेचा वारा असेल तर दहा मिनिटं आणखी कमी. उघाडीच्या खांबावर तिने उधाणाच्या पाण्याच्या खुणा केल्या होत्या. चार वर्षांत समुद्र दीड बोट वर आला होता. म्हणून नववी फळी तिनेच मागच्या वर्षी सुताराकडून करून घेतली होती. आधी आठच होत्या.

मैथिली खाली बसली. हे सगळं वाटाड्याला सांग, ती म्हणाली, आत्ताच सांग. रुहीने फोन हातात घेतला, घसा साफ केला आणि सांगितलं, “उघाडीवर फळ्या टाकल्या. चिखल लावला. घरी आले.” यंत्राने नोंद केली: अंगमेहनत, पंचवीस मिनिटं. वाट बदलली नाही.

आणखी बोल म्हटलं तर रुही खाली बघू लागली. आपण केलेलं आपणच सांगायचं, ही तिच्या दृष्टीने बढाई होती, आणि बढाई मारायची तिच्या जिभेला सवय नव्हती. मैथिलीने दहा प्रकारे विचारून पाहिलं. दर वेळी दोनच वाक्यं.

शेवटी मध्ये पडली ती सुगंधा. इतका वेळ ती चिऊला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होती. तिने वाटी खाली ठेवली.

“बाई, तुमी चांगल्यासाठीच आलाव, मना कळतं. पण ही गेली तर उघाडी कोण टाकील? यवढं सांगा आनि मग न्या पोरीला.”

चाळीस घरांची शेती एका मुलीच्या हुशारीशी तोलायला मैथिली कोण? क्षणभर तिला वाटलं, त्या नऊ हजार कोऱ्या आयुष्यांत ही आई आधीपासून बसलेली आहे, आणि मुलीलाही शेजारी जागा धरून ठेवते आहे. मग वाटलं, नाही, ही बाई फक्त खरा प्रश्न विचारते आहे. वर्षभरात यंत्रानेही विचारला नाही, मीही विचारला नाही.

तिने रुहीला विचारलं, फोन चालू ठेवला तर चालेल का, वाटाड्या मध्ये बोलणार नाही, नुसता ऐकेल. रुहीने मान डोलावली. मग मैथिली म्हणाली, “आईचं उत्तर दे. तू नसलीस तर हे कोण करेल, आणि कसं करेल?”

रुहीने आईकडे पाहिलं.

“तू करशील,” ती म्हणाली. “पण तुला आधी वारा बघायला शिकाया लागेल.”

सुगंधा म्हणाली, वारा काय दिसतो होय? आणि तिथून जी सुरुवात झाली ती थांबेना. वारा दिसतो, रुही म्हणाली, तिवरांच्या झाडांत दिसतो, पानं उलटून पांढरी झाली की समजायचं पश्चिमेचा आहे, दहा मिनिटं आधी निघायचं. तिसरी फळी वाकलेली आहे, ती उलटी घालायची, सुलटी घातलीस तर चौथी बसणार नाही. चिखल बांधाच्या आतल्या बाजूचा घ्यायचा, बाहेरच्यात वाळू असते, तो धुऊन जातो. खेकड्याचं भोक दिसलं की बोट घालून बघायचं, ओलं लागलं तर त्याच दिवशी बुजवायचं. सुगंधा शंका काढायची, हट्टाने काढायची, आणि रुही उठून कोळशाने भिंतीवर चित्र काढून दाखवायची. पेज निवली. चिऊ सुगंधाच्या मांडीवरच झोपली. मैथिलीने घड्याळात पाहिलं तेव्हा पावणेदोन तास झाले होते, आणि त्या वेळात रुहीने ‘मी केलं’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. ती फक्त शिकवत होती.

परतीच्या गाडीत मैथिली चिऊच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसली. तिला त्या यंत्राचा राग येत नव्हता. त्याने विचारला तो प्रश्न शहरातल्या, आपापल्या खोलीत वाढलेल्या मुलांचा होता. इथे काम अंगाला इतकं चिकटलेलं असतं, की ते केलं असं कोणाला वाटतच नाही. घर झाडलं, म्हातारीला औषध पाजलं, समुद्र अडवला. काय नाय.

वाटाड्याचं उत्तर मंगळवारी आलं. मैथिलीने रुहीला शेजारी बसवून ते वाचलं.

‘माझी आधीची वाट चुकीची होती,’ त्यात लिहिलं होतं. ‘हिच्याशी जुळणारी आयुष्यं माझ्याकडे अकराच आहेत. अकरांवरून मी वाट सांगू नये. तरीही त्यांतले नऊ जण पाण्याचे आणि बांधांचे अभियंते झाले, म्हणून रत्नागिरीजवळच्या किनारा अभ्यास संस्थेतली निवासी जागा सुचवतो. बाकीचं मला माहीत नाही. अकरांपैकी तिघे बोलायला तयार आहेत. त्यांनाच विचारावं.’ खाली मैथिलीसाठी वेगळी ओळ होती. तिने रविवारी विचारलेला, ‘तू नसलीस तर हे कोण करेल’ हा प्रश्न आपण इतर मुलांना विचारला तर चालेल का, असं यंत्र विचारत होतं. तिने लगेच होकार दिला. त्या एका संध्याकाळीच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मुलं साडेसातनंतरही बोलत राहिली, असं पुढे तिच्या कानावर आलं.

तिघांतली पहिली होती केरळातल्या कुट्टनाडची, एकाहत्तर वर्षांची निवृत्त अभियंता. तिथेही शेतं समुद्राच्या खाली. बाई फोनवर मल्याळममध्ये बोलत होती, वाटाड्या मराठीत सांगत होता. तिने शिक्षण विचारलं नाही, गुण विचारले नाहीत. पहिलाच प्रश्न टाकला, “तुमच्याकडे खेकडे बांध कुठल्या बाजूने पोखरतात?”

आणि रुही खळखळून हसली. आतल्या बाजूने, ती म्हणाली, नेहमी आतल्या. पलीकडची म्हातारीही हसली, आमचेही आतलेच, म्हणाली. पुढचा अर्धा तास मैथिलीला त्यातलं फार काही समजलं नाही. ती खिडकीशी उभी राहिली आणि मनातल्या मनात कोणाकोणाचे आभार मानत राहिली. डायऱ्या देऊन टाकणाऱ्या अनोळखी लोकांचे, त्या म्हातारीचे, आपली चूक कबूल करणाऱ्या यंत्राचे, आणि वाटी खाली ठेवून प्रश्न विचारणाऱ्या एका आईचे.

पण रुहीने ‘मान्य’ म्हटलं नाही. बुधवारी ती कॉलेजला आलीच नाही. दुपारी तिचा निरोप आला: मॅडम, आज वद्य पंचमी, भरती चार-दहाला. आई टाकणार हाय. ते बघून मग ठरवते. मैथिलीने पाळणाघरातून चिऊला उचललं आणि पुन्हा एसटी गाठली.

सव्वादोनला सुगंधा नऊवारीचा काचा मारून उघाडीत उतरली. रुही वर बांधावर, दोन्ही हात पाठीमागे धरून. मदत करायची नाही असं मायलेकींचं ठरलं होतं. गावातल्या चार बायाही येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, सुगंधे, चुलीचं लाकूड नाय ते. सुगंधाने वर बघितलंही नाही. पहिली बसली, दुसरी बसली. तिसरी तिने सुलटी घातली. चौथी बसेना. रुहीचे हात पाठीमागून सुटले. मैथिलीने तिचा दंड धरला. खाली सुगंधा थोडा वेळ फळीकडे बघत राहिली, मग तिने चौथी बाजूला केली, तिसरी उपसून काढली, उलटी केली आणि पायाने ठोकून बसवली. नववी बसली तेव्हा बाहेरचं पाणी सहाव्या फळीला लागलं होतं.

मग सगळ्या जणी नुसत्या बघत राहिल्या. पाणी चढत होतं. सातव्या फळीच्या फटीतून बारीक धार आली. सुगंधाने आतल्या बाजूचा चिखल घेऊन तिथे थापला. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. चार वाजून दहा मिनिटांनी पाणी आठव्या फळीच्या कडेला आलं आणि तिथेच डुलत राहिलं. आतल्या बाजूला शेतं कोरडी होती.

रुहीने ओढणीच्या टोकाने फोनचा पडदा पुसला आणि ‘मान्य’वर बोट ठेवलं. चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. चिऊ पाण्याकडे हात करून मोठ्याने काहीतरी सांगत होती.

सुगंधाला वर ओढायला दोघींना जोर लावावा लागला. ती बांधावर बसली, धाप लागलेली, कोपरापर्यंत चिखलाची. लेकीच्या हातातला फोन तिने पाहिला. झालं ते तिला न सांगता कळलं. संस्था कधी उघडते, एवढंच तिने विचारलं. बारावी झाल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मैथिलीने सांगितलं.

सुगंधा चिखलाच्या बोटांवर अंगठा फिरवत मोजू लागली. ओठ हलत होते. दोनदा मोजलं.

“अष्टमी धर,” ती रुहीला म्हणाली. “आठाची पाऊणपट सा, वर पंचवीस मिन्टां. सकालची भरती साडेसाच्या आतच उरकते, पाणीपन मरतुकडं असतं. दहाच्या गाडीला मना तुला सोडायला येता येईल.”